कमरेएवढं पाणी

माझ्या चुलत्यानं माझ्या भावाला फसवलं. पाणी कमरेएवढंच आहे असं सांगून त्याला तळ्यात पुढं घातलं, आणि तिथं पाणी दोन पुरुष खोल होतं. नंतर त्यानं माझ्या बापालाही फसवलं. पोरगं स्वतःच्या मस्तीनं पुढं गेलं, मी नको नको म्हणत होतो, असं सांगितलं. तेव्हा भाऊ तेरा वर्षांचा होता आणि मी नऊ. आता मी पंचावन्न वर्षांचा आहे. चुलता ऐंशी ओलांडलेला आहे आणि त्याचे गुडघे माझ्यापेक्षा बरे चालतात.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहितोय ते माझ्या मुलीच्या एका दिवसाच्या सहलीबद्दल आहे. पोरगी समुद्र बघायला निघाली आणि बापानं घर डोक्यावर घेतलं, एवढंच त्यात कुणाला दिसेल. तसं दिसू नये म्हणून हे आधी.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. गाव सोडून सोळाव्या वर्षी दोन शेळ्या घेऊन मोहोळच्या बाजारात उभा राहिलो, तो आजही उभा आहे. मधल्या काळात शहरात, जुळे सोलापुरात घर झालं, दारात गाडी आली, मुलगी शिकली. यातलं काही कुणी दिलेलं नाही. सगळं तोंडानं आणि बोटांनी मिळवलं. बोटांनी म्हणजे खरोखरच बोटांनी. आमच्या बाजारात भाव मोठ्यानं बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका आकडा. भोवती माणसं उभी असतात, पण कुणाला काही कळत नाही. तोंडानं आपण आपल्या बापाला आठवत असतो, देवाला साक्षीला बोलवत असतो, जनावराचे दात काढून दाखवत असतो; खरं बोलणं टॉवेलाखाली चाललेलं असतं. तिथं जे ठरतं ते मोडत नाही. कागद नसतो, साक्षीदार नसतो, म्हणूनच मोडत नाही. मी तापट माणूस आहे. बाजारात शिव्या दिल्यात, टॉवेल झटकून निघून गेलोय, एकदा एकाची कॉलर धरली. पण टॉवेलाखाली ठरलेला सौदा आजवर मोडलेला नाही. बाजारात माझं नाव आहे ते एवढ्यावरच.

मुलगी लहान असल्यापासून आमच्या दोघांचा हा खेळ आहे. पहिलीत असताना शाळेला दांडी मारायची असली की ती माझ्या मांडीवर येऊन बसायची, माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढून हातांवर टाकायची आणि आत माझी तीन बोटं धरायची. मी एक धरायचो. अर्ध्या दिवसावर तुटायचं, म्हणजे ठरायचं. बायको म्हणायची, "पोरीला बाजारी करून ठेवली तुमी."

ती आता चोवीस वर्षांची आहे. सात रस्ता चौकाजवळ घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात काम करते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "अप्पा, ऑफिसातल्या आम्ही तिघी गोकर्णाला जायचं म्हणतोय."

बायको आतून म्हणाली, "देवाला चाललीस व्हय? बरं केलंस."

"देवळातही जाऊ, आई. पण देवळाच्या पलीकडं टेकडी ओलांडली की समुद्राचं वेगळंच गाव आहे. ते बघायचंय."

तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून एकेक फोटो बघितला. माडाच्या दोन झाडांना बांधलेली झोळी, आणि तिच्यात बाळाच्या जागी चांगला बाप्या माणूस झोपलेला. जटा वाढवलेला एक गोरा पोरगा चटईवर बसून दोऱ्यात मणी ओवत होता. झावळ्यांच्या छपराचं हॉटेल, त्याच्या पायरीवर कुत्रं पसरलेलं, आणि गिऱ्हाईक त्याला ओलांडून आत चाललेलं. संध्याकाळच्या एका फोटोत वीस-पंचवीस माणसं वाळूत बसली होती. एक जण ढोलकीसारखं काहीतरी वाजवत होता, बाकीचे नुसते समोर बघत होते.

"तिथं माणसं करतात काय?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही न करायला एवढ्या लांब? काही न करायला आपल्याकडं जागा कमी हाय का?"

"इथं काही न करता बसलं की तुम्ही विचारता, काय झालं, बरं वाटत न्हाय का. तिथं कोणी काही विचारत नाही, अप्पा."

मी पुढचा फोटो सरकवला. त्यात माणसं नव्हती, नुसतं पाणी होतं, फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मी मोबाईल पालथा करून गादीवर ठेवला.

पाण्याची मला भीती वाटते, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नव्हतं. बायकोला न सांगता माहीत आहे. भीमेच्या पुलावर गाडी आली की मी पुढच्या ट्रकच्या मागं रंगवलेली अक्षरं वाचत बसतो. शाळेनं मुलीला पोहायला शिकवायचं ठरवलं तेव्हा मी मुख्याध्यापकांशी भांडून तिचं नाव काढायला लावलं. समुद्र मी बघितलेला नाही. मुंबईला जनावरं घेऊन कितीदा गेलो, पण काम झालं की परतीची गाडी.

"किती दिवस?" मी विचारलं.

तिनं माझ्या खांद्यावरचा टॉवेल काढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि आत माझी चार बोटं धरली.

मी हात सोडवून तिचं एक बोट धरलं. अंगठ्याशेजारचं, घट्ट.

बाजारात चाराला एक म्हटलं की समोरचा माणूस उठून जातो. मला तेच हवं होतं. ती चिडेल, टॉवेल फेकेल, आठवडाभर बोलणार नाही आणि विषय संपेल. पण तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. "एक तर एक," म्हणाली. "एक दिवस. ठरलं."

टॉवेल बाजूला झाला. सौदा इतक्या लवकर तुटला की समजावं, आपलं काहीतरी चुकलं. हे मी चार नव्या पोरांना शिकवलंय. त्या दिवशी मात्र चाराचा एक केला म्हणून मी संध्याकाळपर्यंत खूश होतो.

सोमवारी भीती वाटायला लागली. एक दिवस म्हणजे काय, हे मी तेव्हा मोजायला बसलो. सोलापूर ते गोकर्ण साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. विजापूर, हुबळी, मग घाट. नऊ-दहा तास. म्हणजे आदल्या संध्याकाळी निघायचं, सकाळी पोचायचं, दिवसभर तिथं, आणि संध्याकाळी परत निघून पहाटे घरी. मी कॅलेंडरच्या मागं हे लिहून काढलं. लिहिताना ठीक वाटलं. परत वाचलं तेव्हा चूक दिसली. यात झोपायचं कधी, ते कुठं लिहिलेलंच नव्हतं.

गाडी माझ्या एका जुन्या दोस्ताची. तो सात रस्त्यावर गाड्या भाड्यानं देतो आणि लांबचा प्रवास असला की स्वतः बसतो. माझी जनावरं त्याच्या टेम्पोतून गेलीत तेव्हापासूनची ओळख. मी त्याला भाई म्हणतो, तो मला शेठ. मुलीच्या सहलीचं त्याच्याशी रविवारीच संध्याकाळी बोलून झालं होतं. सवयीप्रमाणं मी त्याच्याशीही घासाघीस केली होती आणि दुसरा ड्रायव्हर कापून टाकला होता.

मंगळवारी मी त्याच्याकडं गेलो. तो स्टुलावर बसून चहा पीत होता.

"भाई, घाट कसा हाय?"

"घाट घाटासारखा. वळणं. लाकडाचे ट्रक. का?"

"रातीचं जायचं हाय म्हणून इचारलं."

त्यानं कप खाली ठेवला. "शेठ, आता इचारताय? जाताना रात्र, येताना रात्र. मधे दिवसभर मी कुठं झोपू, गाडीत? उन्हात? भट्टी हुती ती. मी बोल्लो तुमाला, दुसरा माणूस द्या. तुमी बोल्ले, नक्को. मी बोल्लो, दोन दिवस करा. तुमी बोल्ले, पोरीशी एक ठरला."

"तू एवढा मोठा ड्रायव्हर..."

"हौ, मोठा हाय. म्हणून तर सांगतो. तुमी समद्याचा भाव पाडता. माझा पाडला, पोरीचा पाडला. झोपेचा कसा पाडणार? ती काय मोहोळच्या बाजारात येते?"

शेजारचा रिक्षावाला हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंड फिरवलं. पाय दुखत असल्यासारखा हळू चालत घरी आलो.

दोन दिवस मी तोच घाट बघत होतो. जेवताना, बाजारात जनावराच्या तोंडात बोट घालताना, अंघोळीची बादली भरताना. न बघितलेला घाट मी इतका नीट बघितला की आजही त्याची वळणं सांगू शकेन. गाडीत मागं तिघी झोपलेल्या, पुढं भाईची मान एकदा खाली जाते, वर येते, परत खाली जाते. आणि घाटातून वाचल्या तर पुढं ते पाणी. चार दिवस दिले असते तर त्या दिवसाउजेडी गेल्या असत्या. मला धोका कमी करायचा होता, म्हणून मी दिवस कमी केले. बाजारात मी दुसऱ्याला असं फसताना बघितलंय: शेळी स्वस्तात मिळाली म्हणून खुशीत घेऊन जातो आणि घरी गेल्यावर कळतं की ती आंधळी आहे.

शुक्रवारी संध्याकाळी मुलगी ऑफिसातून आली. मी चहा घेत होतो. तिनं नवीन घेतलेली कापडी टोपी घालून दाखवली. मी विचारलं, "पाण्यात जाणार?"

"समुद्राला जाऊन पाण्यात नाही जाणार का?"

"किती?"

"फार नाही. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. कप भिंतीवर फुटला, आणि तो मीच फेकला होता. चहाचे ओघळ कॅलेंडरवरून खाली आले. मी ओरडत होतो की जायचं नाही, कुणी जायचं नाही, ऑफिसही बंद. बायको दारात येऊन उभी राहिली.

मुलगी ओरडली नाही. टोपी काढून तिनं टेबलावर ठेवली. मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल घेतला, त्याची नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"मोडा मग," ती म्हणाली. "ठरलेलं तुमच्या हातानं मोडा. मी बाजारात कुणाला सांगणार नाही."

मला मोडता येईना. जाऊ द्यायचं म्हटलं तर घाट आणि पाणी दिसे. मोडायचं म्हटलं तर ज्या एका गोष्टीवर मी माणूस म्हणून उभा आहे ती घरातच संपत होती, आणि तीही हिच्यासमोर. मी घडीवर हात ठेवून बसलो. बायको म्हणाली, "सांगा तिला आता. किती दिवस पोटात ठेवणार?"

माझा एक भाऊ लहानपणी वारला, एवढंच मुलीला ठाऊक होतं. तापानं, असं तिला वाटत होतं. तसं मीच कधीतरी सांगितलं होतं.

मी सांगितलं. कातरायच्या आधी मेंढरं धुतात, नाहीतर लोकरीतल्या मातीनं कात्री बोथट होते. त्या वर्षी कातरणारे सकाळीच येऊन बसले होते आणि घाई होती. बाप त्यांच्या भाकरीचं बघायला घरी गेलेला. पाझर तलावावर आम्ही तिघंच: काठावर तात्या, म्हणजे माझ्या बापाचा थोरला भाऊ, पाण्यात मेंढरू धरून भाऊ, आणि दोन कोकरं कवटाळून मी. काठाजवळचं पाणी मेंढरांनी गढूळ केलं होतं. तात्या म्हणाला, "हो पुढं, तितं पाणी निवळ हाय." भाऊ म्हणाला, "खोल असंल की." तात्या म्हणाला, "कमरेएवढंच हाय. मागल्या साली मी सोता उभा हुतो."

मागल्या साली तो उभा होता, हे खरं. पण त्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी त्याच तळ्यातला मुरूम उपसला होता, आणि उपसणाऱ्यांत तात्या स्वतः रोजावर होता. खड्डा कुठं आहे ते सगळ्या गावात त्याला पहिलं माहीत होतं. भाऊ दोन पावलं पुढं गेला. तिसऱ्याला दिसेनासा झाला. त्यानं धरलेलं मेंढरू पोहत काठाला आलं, अंग झटकलं आणि माझ्या पायावर पाणी उडालं. तात्या पाण्यात उतरला नाही. बोंबलत गावाकडं पळाला.

मी बापाला सांगितलं की तात्यानंच पुढं हो म्हटलं. बापानं मला थोबाडीत मारली. थोरल्या भावावर असं बोलतात का? त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. बाप गेला तोही, पोरगं मस्तीखोर होतं, असं म्हणतच गेला.

मुलगी सगळं ऐकून घेत होती. भिंतीवरचा चहा वाळून गेला होता. तिनं विचारलं, "तात्यांच्या हातात काठी नव्हती?"

"काठी कशी नसंल? मेंढरामागं बिनकाठीचा कोण असतो?"

"मग त्यांनी ती पाण्यात घालून का नाही बघितली?"

शेळीनं पाय कसा टाकला यावरून तिचा खूर कुठं दुखतोय ते सांगणारा मी माणूस. शेहेचाळीस वर्षं मी तात्याच्या खोट्यावर दात खात होतो. तो असं का बोलला, नंतर का फिरला, हेच घोळवत होतो. त्याच्या हातात पाच फुटांची काठी होती, हे मी रोज बघत होतो आणि मला दिसत नव्हतं. एकदा टेकवली असती तरी कळलं असतं. दोन श्वासांचं काम.

मी टॉवेलची घडी उलगडली. तिच्या हातावर टाकली आणि आत तिची दोन बोटं धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरच्याचा भाव आपणहून वाढवला.

तिला हसूही आलं आणि डोळेही भरले. "अप्पा, मला पहिल्यापासून दोनच पाहिजे होते. चार म्हटलं की तुम्ही दोनावर याल असं वाटलं."

"मग एकाला का व्हय म्हणालीस?"

"तुम्ही जा म्हणाला होता ना. मला तेवढं पुरेसं वाटलं."

समुद्र बघायचा दिवस एकच राहिला. वाढवलेला दिवस झोपेचा होता, त्यांच्या आणि ड्रायव्हरच्या: रात्र गोकर्णात काढायची आणि दुसऱ्या दिवशी उजेडात परत निघायचं. भाईला फोन करून मी दुसरा माणूस घ्यायला सांगितलं. त्यानं त्याच्या मेव्हण्याला घेतलं आणि मला विचारलं, "शेठ, बरे हाय ना? डाक्टरकडं जाऊन आले?"

एक अट मात्र मी घातली. माझी काठी बरोबर न्यायची, आणि पाण्यात पाऊल टाकायच्या आधी प्रत्येक वेळी ती पुढं टेकवून बघायची. काठी सांगेल तिथं थांबायचं. गुडघ्याच्या वर नाही.

"अप्पा, गोकर्णात मी मेंढराची काठी घेऊन फिरू? लोक काय म्हणतील?"

"तितं कोणी काही इचारत न्हाय म्हणालीस की."

काठी गाडीत आडवी बसेना, तेव्हा भाईनं ती दोन सीटच्या मधून सरकवली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "जनावर सोडून समदं नेतोय मी आज."

त्या निघाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा फोन आला की पोचलो, घाट कधी गेला कळलंच नाही. मला घरात बसवेना. आता पाणी उरलं होतं. मी मोटरसायकल काढली आणि गावाकडं निघालो. दीड-दोन तासांचा रस्ता. वाटेत दोनदा थांबून मोबाईल बघितला.

तात्या घरासमोर लिंबाखाली बाजेवर बसला होता. काठी बाजेला टेकवलेली. मला बघून म्हणाला, "ये की. कवा आलास? शेरात पाऊसपाणी कसं काय?"

मी बसलो नाही. "तात्या, एक इचारायचं हाय. त्या दिवशी तळ्यावर तुमच्या हातात काठी हुती का?"

"कुठल्या दिवशी?"

"तुमाला ठावं हाय कुठल्या दिवशी."

तो लिंबाकडं बघायला लागला. "कवाचं उकरून काढतोयस लेका. तुझा बापबी गेला."

"काठी हुती का?"

"असंल. मेंढरामागं हुतो म्हंजे असंल."

"मग ती पाण्यात का न्हाय घातली?"

त्यानं खाली बघितलं. मुठी मांडीवर ठेवल्या, उघडल्या, परत मिटल्या. मला वाटलं आता बोलेल. सून पाणी घेऊन आली. त्यानं तांब्या घेतला, घोटभर प्यायला आणि तिला म्हणाला, "च्या टाक. पाव्हणा लांबनं आलाय." मी पाव्हणा झालो होतो.

तेवढ्यात मोबाईल वाजला. फोटो होता. मुलगी समुद्रात उभी, सलवार वर खोचलेली, पाणी गुडघ्याच्या खाली. दोन्ही हातांनी धरलेली माझी काठी पुढं रोवलेली, आणि मागं वाळूत ते काही न करणारे लोक चटयांवर पसरलेले. एकही तिच्याकडं बघत नव्हता. खाली तिनं लिहिलं होतं: 'पुढं काठी एकदम खाली गेली. मागं फिरले.'

मी बाजेच्या काठावर बसलो, आणि बसल्यावर मोबाईल तात्यापुढं धरला. "ही माझी पोरगी. हिनं काठी घातली. बघा किती येळ लागतो."

त्यानं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, खूप वेळ बघितला. मग मोबाईल परत दिला. "लांब हाय का हे गाव?" एवढंच म्हणाला, काठी घेतली आणि उठून घरात गेला. चहा आला, तो मी प्यायलो नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आली. उन्हानं काळवंडलेली, केसांत वाळू, गळ्यात मण्यांची माळ. काठी तिनं दारामागं जागेवर ठेवली. वाळल्यावर तिच्या खालच्या भागात मिठाची पांढरी रेघ दिसायला लागली. मी ती पुसू दिलेली नाही. बाजाराला जाताना दुसरी काठी नेतो.

तात्या, तुम्हाला वाचता येत नाही, तुमच्या नातवाला येतं. त्याला हे मोठ्यानं वाचायला सांगा, सून आणि शेजारपाजार ऐकेल असं. खोटं का बोललात, ते मी आता विचारत नाही. घाई होती, कातरणारे बसले होते, मला ठाऊक आहे. बापाला काय सांगितलंत, तेही सोडलं. मला एकाच गोष्टीचं उत्तर द्या. खड्डा तुम्ही उपसला होता. पोरगं तुमच्या समोर उभं होतं, खोल असंल की, म्हणत होतं. काठी तुमच्या हातात होती. ती पाण्यात का घातली नाहीत?

मी येत्या बाजारानंतर गावाकडं येतोय. त्या दिवशी लिंबाखाली बसलेले असा.